हातातले मार्क

आमच्या बॅचचे चार जण एकत्र आले की कोणी कोणाची तब्येत विचारत नाही. चिखलीच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात बसायचं, चहा सांगायचा, आणि तो टेबलावर यायच्या आत कोणीतरी समोरच्याचा पंजा धरून म्हणतो, "दाखव बे हात!" झालं! मग एकामागून एक किस्से निघतात. चहा गार होतो, हॉटेलवाला तोंडातल्या तोंडात बडबडतो, आणि आमचं आपलं चालूच. किस्से म्हणजे घरात ठेवलेल्या कापसासारखे असतात. आधी कोपऱ्यात ढीग, मग खाटेखाली, मग खाटेवर, आणि एक दिवस घरच्या माणसालाच झोपायला जागा उरत नाही. म्हटलं, थोडे बाहेर काढावेत.

कॉलेजचं नाव सांगत नाही. आपल्याच जिल्ह्यातलं शेतकीचं कॉलेज, एवढं पुरे. डिग्री मिळून वर्षं झाली, मी आता कृषी सहायक म्हणून गावोगाव फिरतो, तरी भरवसा नाही भौ! ज्या पद्धतीनं ते मार्क आले, त्या पद्धतीनं ते परतही जाऊ शकतात.

मी जरा संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. लग्नाच्या पंगतीत कोणी आग्रहानं दुसरी जिलबी वाढली, तरी मी आधी विचारतो, "काऊन? उरली का?" हा माझा जन्माचा स्वभाव नाही. तो मला पीक संरक्षणाच्या कोर्सनं दिला.

*

पीक संरक्षण म्हणजे पिकावरच्या किडी ओळखायच्या आणि त्यांचा बंदोबस्त करायचा. शेवटच्या वर्षाचा विषय. शिकवायला इंगळे सर. उंच, किडकिडीत, अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, आणि चेहरा असा की माणूस खूश आहे की रागात आहे, हे त्यांच्या घरच्यांनाही कळत नसावं.

पहिल्याच तासाला सरांनी मार्कांचं सांगितलं. "अर्धे मार्क पेपरचे. पेपर बाहेरचे लोक तपासतात. बाकीचे अर्धे माझ्या हातात."

तेव्हापासून आमच्यात त्या मार्कांना नावच पडलं, हातातले मार्क.

मागच्या बाकावरून गजा उठला. गजा म्हणजे गजानन, मेहकरकडचा, माझा रूम पार्टनर. देवानं त्याला तोंड दिलं आणि ब्रेक द्यायचा विसरला.

"सर, ते हातातले मार्क तुमी कायच्यावर देता?"

"हातावर," सर म्हणाले, आणि फळ्याकडं वळले.

वर्ग खो-खो हसला. सर हसले नाहीत. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

वर्गात आणखी एक जण हसला नव्हता, तो म्हणजे रफीक. रफीक धाडचा. बाजारपेठेत त्याच्या अब्बांचं शेतीच्या औषधाचं दुकान. अब्बा शिकलेले सातवीपर्यंत, पण दुकान जुनं आणि नावाजलेलं. त्यात सरकारचा नवा नियम आला, की औषधाच्या दुकानात शेतीची डिग्री असलेला माणूस पाहिजे, नाहीतर परवाना जाणार. घरात डिग्रीच्या जवळ पोचलेला एकटा रफीक! मुदत संपत आली होती. तो या साली पास झाला तर दुकान राहणार, नापास झाला तर शटर खाली.

"तुमचं एक वर्ष जाईन," तो आम्हाला म्हणायचा. "माह्यं तर घरच जाते ना बे!"

*

मग आम्ही सीनियर पोरांकडं चौकशी केली. त्यांनी जे सांगितलं त्यानं आमची झोपच उडाली.

तोंडी परीक्षेत सर प्रश्न विचारतात, पण उत्तराकडं त्यांचं लक्षच नसतं. समोरच्याचा हात मागतात. तळवा पाहतात, उलटा करून पाहतात, नखं पाहतात आणि म्हणतात, "जा." एका पोराला सगळी उत्तरं येत होती, तो जेमतेम सुटला. दुसऱ्यानं मावा कोणता आणि तुडतुडा कोणता यातच गोंधळ घातला, त्याला भरभरून मार्क!

"भविष्य पाहतेत ते," गजानं निकाल दिला. "ज्याचं भविष्य चांगलं त्यालेच मार्क देतेत. मार्क भेटले म्हणून त्याचं चांगलं होते. अन् सरचं भविष्य खरं ठरते!"

मला यात एकही चूक सापडली नाही.

गजाचे मामा लोणारला राहायचे. तिथं तळं पाहायला लोक उतरतात, त्या रस्त्यावर एक हात पाहणारे महाराज बसत. गजा मला घेऊन थेट तिथं.

"महाराज, पाहा बरं, पीक संरक्षण निघते का?"

महाराजांनी तळवा दाबला. "परदेशयोग आहे."

"ते राहू द्या. पीक संरक्षण?"

"समुद्र ओलांडणार तू."

"महाराज, समुद्र मंग ओलांडू, आधी सेमिस्टर ओलांडू द्या!"

शेवटी महाराजांनी पोवळ्याची अंगठी घालायला सांगितली. गजानं ती घातली आणि पहिल्या तोंडी परीक्षेला छाती काढून आत गेला. दार उघडंच होतं, आम्ही बाहेर कान लावून.

सरांनी हात धरला. "हे काय आहे?"

"पोवळं, सर."

सरांनी अंगठी इकडून पाहिली, तिकडून पाहिली. मग अगदी शांतपणे विचारलं, "कोणत्या किडीवर चालते?"

*

पहिल्या तोंडीचे मार्क लागले आणि कॉलेजभर कुजबुज सुरू झाली. आता कोणाला जास्त पडले की संशय, आणि कमी पडले की खात्री!

धाडकडची पोरं म्हणायची, सर चिखलीचे, म्हणून चिखलीवाल्यांना देतात. चिखलीवाले म्हणायचे, सर मूळचे धाडचे, चेहऱ्यावरूनच दिसते. एका पोरानं तर सरांच्या डब्यात कोणत्या पद्धतीची भाजी असते यावरून गाव काढायचा प्रयत्न केला. डब्यात रोज मेथी. जिल्ह्याच्या कोणत्या गावात मेथी होत नाही, सांगा!

त्यात धाडच्या रफीकला सगळ्यात कमी पडले. झाला चिखलीवाल्यांचा सिद्धांत आडवा. रफीकचा चेहरा मात्र पाहवत नव्हता.

मग वंदना चिडली. वंदना म्हणजे आमची टॉपर. एरवी एक शब्द वावगा बोलायची नाही, पण मार्कांच्या बाबतीत वाघीण. तिलाही कमी पडले होते. ती तडक सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, मी एक उत्तर चुकले नाही. मले कमी काऊन?"

नुकतंच तिच्या बहिणीचं लग्न झालं होतं. कोपरापर्यंत मेंदी.

सर म्हणाले, "मेंदी उतरली की ये. खाली काय आहे ते दिसत नाही."

वंदना बाहेर आली ती लालबुंद. "या मानसाले मेंदीच्या खाली काय पाह्यचं आहे?"

त्या एका वाक्यावर होस्टेलमध्ये आठवडाभर डोकं चाललं. मेंदीच्या खाली कातडी. म्हणजे सर कातडीवर काहीतरी शोधतात. रेषा नाहीत, रेषा तर मेंदीतूनही दिसतात. मग काय?

*

हे डोकं चालत होतं तेव्हाच सरांनी वर्गात बीटीचा विषय काढला. बीटी कापूस म्हणजे ज्याच्या झाडातच बोंडअळीला मारायची सोय केलेली असते. आमच्या लहानपणी तो आला, तेव्हा घराघरात फवारणीचे पंप माळ्यावर गेले होते.

सरांनी विचारलं, "बीटी म्हणजे काय?"

वंदनानं तोंड उघडायच्या आत गजा उठला. "सर, बीटी म्हंजे बिनटेन्शन! माह्या बापानं हेच सांगितलं. पेरा अन् झोपा!"

वर्ग फुटला. दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी कोणाच्या तरी शेतातलं एक हिरवं बोंड आणलं. वरून एकदम चांगलं, टपोरं. गजाला पुढं बोलावलं, त्याचा हात उघडायला लावला आणि त्याच्या तळव्यावर ते बोंड फोडलं. आत कापूस सडलेला, आणि मधोमध एक गुलाबी अळी वळवळत होती.

"घे," सर म्हणाले, "तुझं बिनटेन्शन."

त्या साली जिल्हाभर तेच झालं होतं. गुलाबी अळी बीटीला जुमानेना. माळ्यावरचे पंप खाली आले. लोक घाबरून मिळेल ते औषध मिळेल त्याच्यात मिसळून मारत सुटले. अंगात शर्ट नाही, तोंडाला फडकं नाही, वारा कुठून येतो याचा पत्ता नाही. धाडचं दुकान सकाळपासून गच्च. रफीक सुट्टीत घरी गेला की गल्ल्यावर बसायचा आणि परत येऊन सांगायचा, "लोकं अळीचं नाव नाही सांगत बे. फक्त म्हणतेत, जहाल दे!"

*

इकडं आमचा नवा सिद्धांत तयार झाला. तो वंदनानं मांडला, त्यामुळं वजनदार होता. सर शेतकीचे. त्यांना कातडीवर काय पाहिजे? मेहनत! घट्टे! प्रत्येकाला कॉलेजच्या शेतात कापसाचा एकेक तुकडा दिला होता. तिथं कोण खरं राबलं आणि कोण सावलीत बसलं, हे हातावरून ओळखत असणार.

बस्स! दुसऱ्या तोंडीच्या आधी होस्टेलात कोणी हाताला तेल लावेना. एकानं विटकरीनं तळवे घासले. एक जण उगाच विहिरीचा दोर ओढत बसायचा, पाणी नको असतानाही. मी वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी बोटं टोचून घेतली, कापूस वेचणाऱ्या बाईच्या बोटांना जशा चिरा पडतात तशा. एवढी दुखली की जेवताना भाजीचा घास घेववेना.

गजा म्हणाला, "तुमी सगळे येडे आहात. घट्टे कोनाचेही असतेत. मी तर वासच आणतो!"

तो तोंडीच्या दिवशी सकाळी शेतात गेला, फवाऱ्याच्या पंपात तळाला उरलेलं पाणी दोन्ही हातांना चोळलं आणि तसाच रांगेत येऊन उभा राहिला. आमच्या नाकाला झिणझिण्या आल्या. वंदना म्हणाली, "अबे धू ते!" तर म्हणतो, "मार्क धुऊन जातीन ना!"

आत गेला. सरांनी हात धरला आणि नाकाजवळ नेला.

"कोणतं मारलं?"

"गुलाबी अळीचं, सर!" छाती अशी फुगलेली.

"हातमोजे?"

"सर," गजा समजुतीनं म्हणाला, "आपल्याकडं कोन घालते?"

सर उठले. गजाचा दंड धरून त्याला ओढतच बाहेर आणलं. आम्हाला वाटलं आता मारतात. त्यांनी त्याला नळावर नेलं, खिशातून साबणाची वडी काढली, स्वतःच्या हातानं त्याचे हात कोपरापर्यंत धुतले, लहान लेकराचे धुवावेत तसे. नखांच्या आतून धुतले. परत साबण लावला, परत धुतले. सरांना रागावताना आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पण तो राग गजावर होता की आणखी कशावर, ते कळेना. मला तर भीतीच वाटली.

मग टॉवेलनं गजाचे हात कोरडे केले आणि म्हणाले, "झिरो."

सर आत वळले, तशी आमची सगळी रांग नळावर! विटकरीवाला, दोरवाला, मी, सगळे एकमेकांना ढकलून हात धुतोय. पुढचं पोरगं आत गेलं, मग त्याच्या पुढचं. सर वैतागले.

"सगळ्यांचे हात ओले काऊन आहेत?"

दारातून रफीकनं डोकं आत घातलं. "सर, नमाजाची वजू करून आलो."

"सगळी बॅच?"

*

खिशात साबणाची वडी घेऊन कोण फिरतो? मला विचाराल तर माणूस संशयास्पद होता.

त्यात एक गोष्ट अजून. रोज दुपारचे तास संपले की सर स्कूटर काढून बुलढाण्याकडं निघायचे. घर तर कॉलेजजवळच होतं! झिरो पडल्यापासून गजा सरांच्या मागेच लागला होता. "पाहजो, दुसरा संसार असंन," तो म्हणाला. "रंगेहात पकडतो अन् मार्क काढतो."

आम्ही तिघं, गजा, रफीक आणि मी, काळीपिवळी जीपमध्ये कोंबून मागे गेलो. स्कूटर सरकारी दवाखान्यासमोर उभी. गजाचे डोळे चमकले. "नर्स असंन!"

आत गेलो. मोठा वॉर्ड, खाटा भरलेल्या, जमिनीवरही गाद्या. फवारणी करून आलेले लोक. कोणाच्या डोळ्यांना पट्टी, कोणाच्या तोंडाला फेस, कोणी नुसतं वर पाहत पडलेलं. एका खाटेवर एक माणूस, आणि त्याच्याजवळ स्टुलावर इंगळे सर. त्यांनी त्याचा हात हातात घेतला होता. तळवा पाहिला, औषध शिरलं असणार ती चीर पाहिली, उलटा करून पाहिला, नखं पाहिली. अगदी तसंच.

गजा कुजबुजला, "बाप्पा! इथंही मार्क देऊन राह्यले!"

आम्हाला हसू आलं आणि आमची आम्हालाच लाजही वाटली. तेवढ्यात त्या माणसाच्या उशाशी ठेवलेली औषधाची रिकामी बाटली रफीकला दिसली. डॉक्टरांना दाखवायला घरच्यांनी आणली असणार. बाटलीवर दुकानाचा शिक्का होता. रफीकनं तो वाचला आणि दाराकडं वळला.

"कोनतं दुकान बे?" गजानं विचारलं.

रफीक म्हणाला, "चाल, निघू."



*

त्या दिवशी राहिलेली रफीकची तोंडी त्यानंतर झाली. आम्ही सगळे बाहेर. आम्हाला आपापलं काय झालं ते माहीत होतं, धाकधूक फक्त त्याची.

सरांनी त्याचा हात धरला, पाहिला आणि सोडून दिला. "तुझा हात इथं पाहून काय करू? तुझा हात मी दुकानात पाहीन."

"म्हंजे सर?"

"मार्क नंतर."

रफीक बाहेर आला तो पांढराफटक. "मले नापास करतेत बे. दुकान गेलं."

"तसं नाही म्हटलं त्यायनं," वंदना म्हणाली. "ते म्हणाले, दुकानात पाहीन."

"मंग येतीन पाह्याले!" गजा ओरडला. मग थांबला. "पन ते स्वतः कशाले येतीन? तू ओळखशीन ना. ते मानूस पाठवतीन!"

झालं! रफीक धाडला गेला आणि दुकानात बसला. येणारा प्रत्येक माणूस त्याला सरांचा वाटायला लागला. कोणी टोमॅटोच्या रोपाचं खत विचारलं, की हा त्याला हातमोज्यांवर भाषण द्यायचा. कोणी उधारीवर फवारा मागायला आला, की हा वारा कोणत्या दिशेनं आहे ते बाहेर येऊन दाखवायचा. एक बाई पोस्टाचा रस्ता विचारायला आली. रफीकनं रस्ता सांगितला आणि वर म्हणाला, "अन् तोंडाले फडकं बांधत जा."

बाई म्हणाली, "पोस्टात?"

मग बाजाराच्या दिवशी तो माणूस आला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, मळका सदरा, डोळे तांबारलेले.

"भाऊ, अळीनं सत्यानाश केला. सगळ्यात जहाल असंन ते दे. दोन-तीन मिळवूनच दे, एकाच पंपात मारतो."

रफीकला वाटलं, हाच तो. "काका, हात दाखवा."

माणसानं हात पुढं केला. तळव्यावर विळ्याची ताजी चीर, भरलेली नाही.

"या हातानं फवारता?"

"मंग काय तुह्या हातानं फवारू?"

"काका, अळी बोंडाच्या आत गेली. आता जहाल मारलं तरी तिले लागत नाही, तुमाले लागते. किडलेली बोंडं वेचा अन् जाळा. कामगंध सापळे देतो, नर पतंग वासानं येऊन त्यात अडकतेत, ते लावा. अन् ही जखम भरल्याबिगर पंपाले हात लावू नोका."

"तू औषध देते का प्रवचन?" माणूस तापला. चार लोक जमले.

अब्बा गल्ल्यावरून उठले. "दिमाग खराब हो गया क्या? बाजारच्या दिवशी गिऱ्हाईक हाकलतो?"

रफीक त्यांच्या कानात म्हणाला, "अब्बा, हा सरचा मानूस आहे."

अब्बांचा चेहराच बदलला! त्यांनी पटकन टोपी सरळ केली, चष्मा लावला, कपाटातून हातमोजे काढून स्वतः फडक्यानं पुसले. "या, या भाऊ, बसा! पोरगं बरोबर सांगून राह्यलं. आमच्या दुकानात मिसळून कधीच देत नाही. चहा घेता का? अरे, चहा सांगा!"

आता त्या माणसालाच संशय आला. त्यानं एकदा अब्बांकडं पाहिलं, एकदा रफीककडं. "एवढी सरबराई काऊन करून राह्यले?" म्हणाला, सापळे आणि हातमोजे उचलले आणि चहा तसाच सोडून निघून गेला.

थोड्याच दिवसांत मार्क लागले. रफीकला हातातल्या मार्कांत सगळ्या बॅचमध्ये सगळ्यात जास्त! वंदनापेक्षा जास्त! गजा पेपरच्या जिवावर कसाबसा सुटला. परवाना राहिला, दुकान राहिलं. अब्बांनी आम्हाला घरी बोलावून पोटभर खाऊ घातलं. वंदनाच्या मनात मात्र खुटखुट राहिलीच. "सरचा मानूस असता, तर चहा सोडून गेला असता का?"

*

त्यानंतर बरेच हंगाम झाले. रफीकच्या दुकानाला धाडच्या बाजारात "हातवाला दुकान" म्हणतात. त्याला अजून वाटतं की सरांनी एकच माणूस पाठवला कशावरून? म्हणून तो सगळ्यांचेच हात पाहतो. लोक तिथं जायच्या आधी हात धुऊन जातात. कोणाला जखम असली, की तो हात मागं लपवतो. मिसळून औषध तर तो सख्ख्या चुलत्यालाही देत नाही. चुलता वर्षभर बोलत नव्हता!

मागच्या महिन्यात मला चिखलीच्या स्टँडवर इंगळे सर दिसले. रिटायर झालेत, केस पांढरे, शर्ट तोच अर्ध्या बाहीचा. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझा हात हातात घेतला. मला वाटलं, प्रेमानं धरला. तर उलटा करून पाहत होते!

मी म्हटलं, "सर, एक सांगा. इतकी वर्षं डोक्यात आहे. रफीकच्या दुकानात तो टॉवेलवाला मानूस तुमीच पाठवला होता ना?"

"कोणता टॉवेलवाला?"

मी सगळा किस्सा सांगितला. चीर, सापळे, अब्बांचा चहा, सगळं.

"मी कोणाला पाठवलं नव्हतं," ते म्हणाले.

"मंग तुमी त्याले एवढे मार्क कायच्यावर दिले?"

"दिले कुठं?" सर म्हणाले. "उसने दिलेत."

"म्हंजे?"

तेवढ्यात त्यांची गाडी लागली. त्यांनी पिशवी उचलली, पायरीवर पाय ठेवला आणि वळून म्हणाले, "माणूस पाठवायचा अजून बाकीच आहे."

गाडी गेली. माझ्यानं राहवेना. मी तसाच धाडची जीप पकडली. बाजाराचाच दिवस होता, दुकानात गर्दी. मी रफीकला बाजूला घेतलं आणि सर काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगितलं. मग त्यानं समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांकडं पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेकाच्या तोंडाकडं.

पुढच्या माणसानं काउंटरवर थाप मारली. "भाऊ, जहालातलं दे ना लवकर!"

रफीकनं घाम पुसला.

"हाव काका," तो म्हणाला, "आधी हात दाखवा."